सुई कुणाचं ऐकते

निघण्यापूर्वी खिसे रिकामे करा. किल्ल्या, मोबाइल, नेलकटर, पट्ट्याचं बक्कल. चपलेत खिळे असतील तर चपलाही इथेच राहू द्या. सोनं, चांदी, तांबं, पितळ यांतलं काहीही चालेल. लोखंड मात्र नको. आपण ज्या जहाजांवर चढणार आहोत तिथे तुमच्या कपड्यांकडे कुणी वळून पाहणार नाही, बारा बंदरांचे लोक त्यांनी पाहिलेत. पण होकायंत्रापाशी लोखंड घेऊन उभे राहिलात तर जहाज भलतीकडे जाईल आणि तुमच्यावर कुणी संशयही घेणार नाही. पहिल्या मुक्कामावर तर हा नियम अजून कुणाला ठाऊकच नाही. तो तुमच्यादेखतच सापडायचा आहे.

साल १५३८, महिना ऑगस्ट. 'ग्रिफो' नावाच्या पोर्तुगीज जहाजाच्या मागच्या उंच डेकवर तुम्ही उभे आहात. डाव्या हाताला आफ्रिकेचा किनारा धूसर दिसतोय. मोझांबिक जवळ आलंय. ६ एप्रिलला लिस्बन सोडलेल्या या ताफ्याला गोव्याला पोचायला अजून महिनाभर लागेल. डांबराचा, खारवलेल्या मांसाचा आणि चार महिने अंघोळ न केलेल्या माणसांचा वास एकत्र येतो. नाकाला रुमाल लावू नका, लगेच ओळखू याल.

फळ्यांवर उकिडवा बसलेला तो दाढीवाला माणूस या जहाजाचा कप्तान आहे. दों जुआंव द कास्त्रू, वय ३८. पुढे तो पोर्तुगीज हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होईल आणि १५४८ मध्ये गोव्यातच मरेल, पण ते त्याला सांगायची गरज नाही. आत्ता त्याचं सगळं लक्ष समोरच्या गोल तबकडीवर आहे. तबकडीच्या कडेला अंशांच्या खुणा आहेत, मधोमध एक उभी काडी आहे आणि तिथेच चुंबकसुई बसवलेली आहे. पेद्रू नुनिश या गणितज्ञाने कल्पिलेलं हे छायायंत्र. नुनिशकडे कास्त्रू तरुणपणी शिकला होता, आणि आता गुरूची कल्पना खऱ्या समुद्रावर चालते का, हे तो पाहतोय.

जवळ सरका, पण सावली पाडू नका. त्या सावलीवरच सगळं चाललंय.

सकाळी ऊन चांगलं वर आलं तेव्हा एकाने ॲस्ट्रोलेबने सूर्याची उंची मोजली आणि त्याच क्षणी कास्त्रूने काडीची सावली कुठल्या अंशावर पडते ते टिपून ठेवलं. आता दुपार कलली आहे. सूर्य उतरत उतरत सकाळच्याच उंचीवर आला की पुन्हा सावली वाचायची. एकाच उंचीवरचे हे दोन सूर्य खऱ्या उत्तर-दक्षिण रेषेच्या दोन बाजूंना सारख्याच अंतरावर असतात, म्हणून दोन सावल्यांच्या बरोब्बर मधून खरी रेषा जाते. सुई जर खरी उत्तर दाखवत असती तर तिच्यापासून दोन्ही सावल्या सारख्याच अंशांवर पडल्या असत्या. समजा, सकाळची सावली सुईच्या टोकापासून पश्चिमेकडे ११० अंशांवर होती आणि दुपारची पूर्वेकडे १३० अंशांवर पडली. फरक २० अंशांचा, त्याचा निम्मा १०. म्हणजे सुई खऱ्या उत्तरेच्या १० अंश पश्चिमेला झुकलेली आहे. झालं गणित. यासाठी दुपारी बाराची वाट पाहावी लागत नाही, त्या वेळी ढग आले म्हणून दिवस फुकट जात नाही, आणि आपण नेमक्या कुठल्या अक्षांशावर आहोत हेही माहीत असावं लागत नाही.

सुई ध्रुवाकडे नेमकी पाहत नाही, ही बातमी जुनी आहे. या वाटेवरच्या प्रत्येक मालमाला, म्हणजे जहाजाची वाट ठरवणाऱ्याला, ती ठाऊक आहे. लिस्बनजवळ सुई उत्तरेच्या पूर्वेला कलते, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी जवळजवळ सरळ होते आणि तिथून हिंदी महासागरात शिरलं की पश्चिमेकडे झुकायला लागते. यावरून काही विद्वानांनी सुंदर स्वप्न रचलंय: हा कल रेखांशाच्या प्रमाणात बदलत असणार, म्हणजे सुईचा कल मोजला की समुद्रावर आपला रेखांश कळला! स्वप्न इतकं सोयीचं आहे की ते खरं असावं असं तुम्हालाही वाटेल. कास्त्रूच्या वहीतले आकडे मात्र त्याला साथ देत नाहीत. रेखांश आणि कल यांचं प्रमाण काही केल्या जुळत नाही, आणि हा माणूस गुरुजनांच्या सिद्धान्तापेक्षा आपल्या आकड्यांवर विश्वास ठेवणारा आहे. त्या काळात ही जात विरळाच.

आणखी एक भानगड बघून घ्या. मालमासमोरच्या होकायंत्रात गोल पुठ्ठ्यावर ३२ दिशा काढल्यात, उत्तरेला लिलीचं फूल आहे आणि सुई पुठ्ठ्याच्या खाली चिकटवलेली आहे, वरून दिसत नाही. फ्लँडर्सकडच्या काही कारागिरांनी आपल्या गावातला सुईचा कल लक्षात घेऊन ती फुलाखाली मुद्दाम तिरकी चिकटवली. हेतू असा की गिऱ्हाइकाला हिशेब नको, फूल सरळ खऱ्या उत्तरेकडेच दिसावं. त्या गावच्या समुद्रात ते ठीक चालतं. पण तेच यंत्र घेऊन जहाज जिथे कल वेगळा आहे अशा समुद्रात गेलं की यंत्रातली दुरुस्तीच चूक होऊन बसते. एकाच जहाजावर असली दोन गावांची दोन यंत्रं असली तर मालमांची भांडणं ठरलेली. ३२ दिशांतल्या एका घराचा फरक म्हणजे सव्वाअकरा अंश. समुद्रावरचा ढोबळ हिशेब असा की एका अंशाची चूक साठ मैलांमागे एक मैल बाजूला नेते. एका घराची चूक साठ मैलांत सुमारे अकरा मैल. अंधारात अकरा मैलांवर काय असेल ते तुम्हीच ताडा.

आता खरी गोष्ट. सावली पुन्हा वाचली गेली, हिशेब केला गेला, आणि कास्त्रूच्या कपाळाला आठी पडली. आकडा भलताच आलाय. यंत्र तेच, सूर्य तोच. तो तबकडी फिरवून पाहतो, उचलून दुसरीकडे ठेवतो, पुन्हा आणतो. मग आजूबाजूला नजर टाकतो. जिथे यंत्र ठेवलं होतं तिथून जवळच कठड्याला एक छोटी तोफ बांधलेली आहे. यंत्र तोफेजवळ नेलं की सुई ढळते, लांब नेलं की जागेवर येते. एवढंच. कुणी आरोळी ठोकत नाही, खलाशी दोर ओढायच्या कामात आहेत. पण सुईला पृथ्वीखेरीज आणखी एक मालक असतो, तो जहाजावरच बसलेला असतो, हे आज एका माणसाने पाहून लिहून ठेवलं. पुढची अडीचशे वर्षं बहुतेक दर्यावर्दी ते विसरून जाणार आहेत.

गोवा झटक्यात ओलांडू. ११ सप्टेंबरला ताफा पोचतो. तिकडे दीवला तुर्की आरमाराने वेढा घातलेला आहे, वेढा उठतो, तरी नवा व्हाइसरॉय ताफा घेऊन उत्तरेला निघतोच, आणि कास्त्रू त्याच्यासोबत आपला कोकण किनारा बंदराबंदराने चितारत जातो. दाभोळ, चौल, वसई. खाडीचं तोंड कुठे, खडप कुठे, पाणी किती वाव, डोंगराचा आकार समुद्रातून कसा दिसतो, हे सगळं त्याच्या वहीत. घारापुरीची लेणीही तो सोडत नाही. युद्धावर निघालेल्या माणसाला एवढी उसंत कशी मिळते, हे मला कोडंच आहे.

डिसेंबर आहे. रात्रभर मतलई वारा होता, पहाटे अंगावर शहारा आणणारा. वसईच्या परिसरात लहान होडीतून तुम्ही किनाऱ्यालगतच्या खडकांपाशी आलात. वल्ही मारणारा कोळी तुमच्याकडे पाहून हळूच विचारतो, "दादा, ह्यो फिरंगी दगडाची नाडी का बघतोय?" उत्तर देऊ नका, बघत राहा. इथे मोजलेला कल जवळच्याच दुसऱ्या जागी मोजलेल्या कलाशी जुळत नाही. होडीत तोफ नाही, नांगरही लांब ठेवलाय. मग कास्त्रूचा संशय खडकावर जातो. यंत्र खडकाशी न्यावं तर सुई वळते, बाजूला घ्यावं तर परत येते. या किनाऱ्याचा दगडच सुईला ओढतोय.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे, त्याला नाही. काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. त्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. लाव्हा थंड होताना त्या कणांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकाची दिशा धरली आणि ती आजवर सोडलेली नाही. त्या वेळी आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. सह्याद्रीचे बरेच थर तर पृथ्वीचं चुंबकत्व आजच्या उलट असतानाचे आहेत. म्हणजे सुई एकाच वेळी आजच्या पृथ्वीचंही ऐकते आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पृथ्वीचंही. उघड्यावरच्या एखाद्या खडकावर वीज पडलेली असेल तर ती तिथला कारभार आणखी बिघडवते. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्याला चिकटून नाव नेणाऱ्याने यंत्रापेक्षा डोंगराच्या खुणा पाहाव्यात, हे मात्र त्या वल्हेवाल्याला कास्त्रूआधी पिढ्यान् पिढ्या माहीत होतं.

रात्री तो वल्हेवाला ध्रुवाकडे बोट दाखवेल. तिथेही सावध राहा. १५३८ मध्ये ध्रुवतारा आकाशाच्या खऱ्या ध्रुवापासून तीन अंशांहून थोडा जास्त लांब आहे आणि रात्रभर त्याच्याभोवती लहानसं वर्तुळ काढतो. अढळपद त्याला अजून पुरतं मिळालेलं नाही.

आता २६४ वर्षं पुढे उडी मारू. थंडी लागेल.

१८०२, ऑस्ट्रेलियाचा दक्षिण किनारा, ब्रिटिश जहाज 'इन्व्हेस्टिगेटर'. कप्तान मॅथ्यू फ्लिंडर्स, तिशीच्या आतला, किनाऱ्याचा पहिला नीट नकाशा काढायच्या वेडाने झपाटलेला. पायात घुटमळणारं काळं मांजर त्याचं आहे, त्याचं नाव ट्रिम. सुकाणूसमोर लाकडी खोक्यात दोन होकायंत्रं शेजारी शेजारी ठेवलीत. आता तुम्हाला कळेल की हीच मुळात गाढवपणाची मांडणी आहे, दोन्ही सुया एकमेकींना ओढतात. पण फ्लिंडर्सला त्रास देणारी गोष्ट वेगळी आहे. एकाच डोंगराची दिशा जहाजाची नाळ पूर्वेला असताना घेतली तर एक येते, पश्चिमेला असताना घेतली तर दुसरी. डोंगर हलत नाही. सूर्यावरून काढलेला कलही नाळेच्या दिशेप्रमाणे बदलतो. नाळ उत्तरेला किंवा दक्षिणेला असली की गडबड जवळपास नाहीशी होते.

नकाशा काढणाऱ्याला ही खोड परवडणारी नाही, म्हणून तो वाचनं जमवत जातो, आणि मग एक विलक्षण गोष्ट त्याच्या लक्षात येते. इंग्लंडकडे सुईचं उत्तर टोक जहाजाच्या पुढच्या भागाकडे खेचलं जात होतं. इथे दक्षिण गोलार्धात दक्षिण टोक खेचलं जातं. का? जहाजात उभं लोखंड पुष्कळ असतं: खांब, कड्या, साखळ्या, सळया. पृथ्वीचं चुंबकत्व उत्तर गोलार्धात जमिनीत घुसतं, दक्षिणेत जमिनीतून वर येतं. त्यामुळे उभ्या लोखंडाचं वरचं टोक उत्तरेत एका जातीचा ध्रुव होतं आणि दक्षिणेत बरोबर उलट जातीचा. जहाजाने विषुववृत्त ओलांडलं की जहाजातल्या लोखंडाने पक्ष बदलला! नाळ सुईच्याच रेषेत असताना हे ओढणं सुईच्या लांबीच्या दिशेने होतं, म्हणून ती वळत नाही. नाळ आडवी झाली की ओढ बाजूने लागते आणि सुई ढळते.

याच विचारातून त्याला उपाय सुचतो. होकायंत्राजवळ एक लोखंडी सळई उभी ठेवायची, अशा जागी की जहाजाच्या लोखंडाची ओढ तिने उलट्या बाजूने फेडावी. जहाज उत्तरेत असो की दक्षिणेत, दोन्ही लोखंडं एकदमच पक्ष बदलतील आणि एकमेकांना मोडून काढतील. साधा आणि हुशार उपाय. तो अमलात आणायला वेळ मात्र मिळत नाही. परतीच्या वाटेवर, डिसेंबर १८०३ मध्ये, फ्लिंडर्स मॉरिशसला थांबतो, फ्रेंच गव्हर्नर त्याला हेर समजून अडकवून ठेवतो, आणि सुटका होते ती १८१०च्या जूनमध्ये. बेटावर बसून त्याने सुईविषयीचा आपला लेख लिहून पाठवला. १८०५ मध्ये तो रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापूनही आला. कैदेत असा लेख लिहिणाऱ्या माणसाविषयी मला जरा जास्तच ममत्व आहे, हे मी लपवत नाही. १८१२ मध्ये इंग्लंडच्या बंदरांत नौदलाची जहाजं फिरवून त्याने प्रयोग केले आणि दोन वर्षांनी, जुलै १८१४ मध्ये, चाळिशीतच तो वारला. आज जगभरच्या जहाजांवर होकायंत्रापुढे पितळी नळीत उभी असलेली सळई 'फ्लिंडर्स बार' म्हणून ओळखली जाते.

पुढच्या मुक्कामावर चढायला तुम्ही कचराल, आणि तेच बरोबर आहे. २० जानेवारी १८५४, आयरिश समुद्र. 'टेलर' हे नवंकोरं जहाज काल लिव्हरपूलहून मेलबर्नला निघालंय. सहाशेहून जास्त माणसं, बरीचशी ऑस्ट्रेलियात नशीब काढायला निघालेली कुटुंबं. तुमच्या पायाखाली काय वाजतंय ते ऐका. लाकूड नाही. लोखंड! सबंध जहाजच लोखंडाचं आहे. पन्नासेक वर्षांपूर्वी प्रश्न चार तोफांचा होता. आता सुई लोखंडाच्या पोटात बसवलेली आहे.

तोवर लोखंडी जहाजांवर उपाय निघाला होता. १८३८ मध्ये राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी 'रेनबो' या लोखंडी आगबोटीवर प्रयोग करून दाखवलं होतं की होकायंत्राभोवती नेमक्या जागी चुंबक आणि मऊ लोखंडाचे तुकडे ठेवले तर जहाजाची ओढ मोडून काढता येते. 'टेलर'ची यंत्रंही निघण्यापूर्वी दुरुस्त केलेली होती. पण ती आता एकमेकांशी सहमत नाहीत. धुकं आहे, किनारा दिसत नाही, आणि दक्षिणेला जातोय असं समजणारं जहाज पश्चिमेला आयर्लंडकडे सरकतंय. २१ तारखेला ते डब्लिनजवळच्या लॅम्बे बेटाच्या खडकांवर आपटलं. निम्म्याच्या आसपास माणसं गेली. शंभरेक बायकांमधल्या तीनच वाचल्या. भिजलेल्या जड घागऱ्यांनी त्यांना खाली ओढलं.

थांबू नका इथे. चुकलं काय, तेवढं समजून घेऊ. बंदर सोडतानाची दुरुस्ती खोटी नव्हती, ती तिथल्या जहाजाची होती. लोखंडी जहाज गोदीत महिनोन् महिने एकाच दिशेला नाळ करून उभं असतं आणि रिव्हेट ठोकणारे हजारो घाव त्याला पृथ्वीच्या चुंबकाच्या दिशेने चुंबकवत राहतात. विल्यम स्कोर्झबी हा जुना दर्यावर्दी, आता पाद्री झालेला, जीव तोडून हेच सांगत होता: गोदीत लागलेलं हे चुंबकत्व समुद्रावर लाटांच्या तडाख्यांनी बदलतं, मग किनाऱ्यावर बसवलेले चुंबक उलटेच घात करतात, म्हणून एक होकायंत्र डोलकाठीवर, लोखंडापासून उंच ठेवा आणि खालच्याशी ताडून पाहा. एअरी आपल्या पद्धतीवर ठाम राहिले. वाद कडाक्याचा झाला. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं होतं, आणि पुढे दोन्ही गोष्टी होऊ लागल्या: चुंबक बसवायचे, आणि जहाज समुद्रात असताना सूर्य-ताऱ्यांवर पुन्हा पुन्हा तपासायचे.

आता घरी येऊ. मुंबई बंदर, १८८०चं दशक. आगबोट नांगरावर आहे आणि तुमच्यासमोर होकायंत्राचं ते पितळी खांबासारखं दिमाखदार ठाणं आहे. हे सर विल्यम टॉमसन यांच्या १८७६च्या पेटंटचं. पुढे ते लॉर्ड केल्व्हिन झाले. पुठ्ठा रेशमाच्या धाग्यांवर तोललेला, पिसासारखा हलका, खाली जाडजूड एका सुईऐवजी बारीक सुयांची जोडी-जोडी. दोन बाजूंना दोन लोखंडी गोळे, खाली पोटात सरकवता येतील असे चुंबक, पुढे फ्लिंडर्सची सळई. एवढं सगळं करूनही थोडी चूक उरतेच, आणि ती मोजायला आज जहाज गोल फिरवायचंय.

पूर्वेकडे पाहा. क्षितिजावर कर्नाळ्याचा सुळका दिसतोय. इंग्रज खलाशी त्याला फनेल हिल म्हणतात, नरसाळं उपडं ठेवल्यासारखा म्हणून. तो इतका लांब आहे की जहाज नांगराभोवती फिरलं तरी त्याची दिशा बदलत नाही. समजा, इथून त्याची चुंबकीय दिशा १०० अंश आहे. नाळ उत्तरेला असताना होकायंत्रावर सुळका १०३वर दिसला. यंत्र तीन जास्त दाखवतंय, म्हणजे जहाजाने सुईला तीन अंश पश्चिमेला ढकललंय. पोरांनी दोर ओढून नाळ पूर्वेला आणली. आता सुळका ९५वर. पाच कमी, म्हणजे पाच पूर्वेला. असं आठ, कधी सोळा दिशांना करायचं. त्याचा तक्ता सुकाणूच्या खोलीत टांगला जातो.

आता पेन्सिल घ्या. सुकाण्या ९० धरून चाललाय. तक्ता म्हणतो, पूर्वेच्या वाटेवर चूक पाच पूर्व. पूर्वेचं मिळवायचं: ९५. ही झाली चुंबकीय दिशा. समजा, नकाशाने इथला पृथ्वीचा कल एक अंश पश्चिम दिलाय. पश्चिमेचं वजा: ९४. ही खरी दिशा, नकाशावर आखायची. नकाशावरून सुकाण्याला सांगायचं असेल तर उलट्या वाटेने या, चिन्हंही उलटी. नवशिके एका जागी हमखास घसरतात: दीपगृहाची दिशा दुरुस्त करताना ते तक्त्यात दीपगृहाची दिशा शोधतात. चूक नाळ कुठे आहे यावर ठरते, तुम्ही कुठे पाहताय यावर नाही. जहाजाचं लोखंड जहाजाबरोबर वळतं, तुमच्या मानेबरोबर नाही.

जहाजाची चूक दोर ओढून मोजता येते. पृथ्वीची कशी मोजायची? त्यासाठी किनाऱ्यावर, कुलाब्याला चला, आणि थोडं मागे, १८४०च्या दशकात. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८२६ सालच्या या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकत्वाच्या नियमित नोंदी होतायत. नोंदी करणाऱ्यांत एक कोवळा तरुण आहे, अलिबागजवळच्या नागावचा, केरो लक्ष्मण छत्रे. पुढे मराठी मुलं ज्यांना केरूनाना म्हणून ओळखतील, ज्यांच्याकडून गणित आणि ज्योतिष शिकतील, तेच हे. बंद खोलीत टांगलेली सुई पाहत बसण्याचं हे काम कंटाळवाणं वाटेल, पण तासभर बसून पाहा. सुई स्थिर नाही. सकाळी थोडी एका बाजूला, दुपारी दुसरीकडे, रोज. सूर्य वरच्या हवेत जे विजेचे प्रवाह चालवतो त्यांचा हा ठसा. अधूनमधून चुंबकीय वादळ येतं तेव्हा ती थरथरते. आणि या सगळ्याखाली, वर्षानुवर्षांच्या नोंदी एकापुढे एक ठेवल्या तरच दिसणारी, एक संथ सरक आहे: सुमारे २,९०० किलोमीटर खोलवर पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड वाहतंय, त्याची. कास्त्रूच्या काळात पश्चिमेला चांगलीच झुकलेली सुई याच सरकण्याने मुंबईत आज शून्याच्या एका अंशाच्या आत आलेली आहे.

शतक उलटतं आणि कुलाब्याच्या शेजारी नवंच संकट उभं राहतं. मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम येणार. रुळांतून वाहणारा प्रवाह सुईला पृथ्वीइतकाच खरा वाटणार. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी शहराशी भांडत बसण्याऐवजी सुईच हलवायचं ठरवलं. खाडीपलीकडे अलिबाग, ना ट्राम, ना कारखाने. इमारतीला स्थानिक काळा दगड चालणार नव्हता, कारण तुम्ही वसईला पाहिलंच. म्हणून पोरबंदरचा चुंबकत्व नसलेला दगड तपासून आणला आणि बांधकामातून लोखंड हद्दपार केलं. १९०४ मध्ये काम सुरू झालं. पण मूस यांनी कुलाब्याच्या सुया लगेच बंद केल्या नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचनं घेतली, म्हणजे दोन जागांमधला फरक हाती आला आणि १८४१ पासूनचा धागा न तुटता अलिबागच्या वहीत आला. ट्राम १९०७ मध्ये धावली. या सबंध प्रवासातलं मला सगळ्यात आवडणारं काम हेच. त्यात काही शोध नाही, फक्त पुढच्या माणसाची सोय आहे.

आणि आता आजचा ससून डॉक, पहाटेचे पाच. बर्फ फोडण्याचा आवाज, डिझेलचा धूर. ट्रॉलरच्या केबिनमध्ये जीपीएस आहे, तांडेल त्यावरच चालतो, आणि त्यात काही गैर नाही. पण जीपीएस नाव कुठे सरकतेय ते सांगतो. थांबलेली नाव भरतीच्या ओढीत नाळ कुठे करून उभी आहे ते त्याला ठाऊक नसतं. ते होकायंत्राला ठाऊक असतं. तांडेलाकडे नकाशा मागा, त्यावर छापलेलं दिशांचं चक्र बघा. मधोमध कल लिहिलाय, तो कुठल्या सालचा ते लिहिलंय आणि दर वर्षी किती मिनिटांनी कुठल्या बाजूला बदलतो तेही. नकाशा जुना असेल तर हा बदल तितक्या वर्षांनी गुणा, छापलेल्या कलात धरा, मग वापरा. कलाचा हिशेब इथे फार तर अर्ध्या-एका अंशाचा. मुंबईचा खलाशी त्या बाबतीत नशीबवान.

तांडेल म्हणतो, "साहेब, आमचा होका गेल्या दिवाळीपासून दहा-बारा डिग्री खोटा बोलतोय." दिवाळीला केबिनमध्ये काय आलं ते विचारा. तो होकायंत्रापासून हातभर अंतरावर लावलेल्या नव्या स्पीकरकडे बोट दाखवेल. स्पीकरमध्ये चुंबक असतो. तो मागच्या भिंतीवर लावायला सांगा, मोबाइलही लांब. मग नाव उघड्या पाण्यात नेऊन गोल फिरवा, आठही दिशांना दूरची एक खूण वाचा आणि जुना तक्ता फाडून नवा लिहा.